विचारा बिनधास्त: सिंहावलोकन, सर्व्हे आणि एनजीएमएचे जिने

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की एखाद्या चित्रकाराचं तीस-चाळीस वर्षांचं काम एकत्र लागलं असेल तर मॉलमध्ये चक्कर मारल्यासारखं बघू नका, चांगला अर्धा दिवस काढून जा. झालं! त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. नाटकाच्या तिकीटदरांवरून माझ्याशी भांडणाऱ्यांनी एक महिना दम धरावा, तुमचाही नंबर लागेल.

ताई, आम्ही मैत्रिणी महिन्यातून एकदा जहांगीरला जातो, एका चकरेत तीन-चार चित्रकार बघून होतात, तिकीट नाही काही नाही. मग हे सिंहावलोकन, रेट्रोस्पेक्टिव्ह, सर्व्हे वगैरे म्हणतात त्यात वेगळं काय असतं? मोठा हॉल एवढंच ना?
(निवृत्त शिक्षिका, मुलुंड)

नाही हो बाई, हॉलचा प्रश्नच नाही. जहांगीर आर्ट गॅलरी म्हणजे १९५२ पासून काळा घोड्याला उभी असलेली, भाड्याने मिळणारी जागा. चित्रकार अर्ज करतो, नंबर लागायला वर्षं जातात, एकदाचा लागला की आठवडाभर हॉल त्याचा, मग गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम तो लावतो आणि चार चित्रं विकली गेली तर भाडं तरी सुटेल असा हिशेब करत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतो. यात कमीपणा काही नाही, अर्ध्या महाराष्ट्राने चित्रं बघायला तिथेच सुरुवात केलीय, मीपण त्यातलीच. पण काय लावायचं ते तिथे चित्रकार स्वतः ठरवतो.

सिंहावलोकनात ते दुसरंच कुणीतरी ठरवतं, त्याला क्युरेटर म्हणायचं. आणि खरी गंमत (म्हणजे क्युरेटरचा खरा ताप) अशी की चित्रं चित्रकाराकडे नसतातच! १९७८ सालचं चित्र तेव्हाच विकलेलं असतं, ते आता कुणाच्या तरी पेडर रोडच्या दिवाणखान्यात असतं, एखादं कुठल्या कंपनीच्या बोर्डरूममध्ये, एखादं म्युझियमच्या गोदामात, एखादं मालकाच्या मुलाने अमेरिकेत नेलेलं. ते सगळं शोधायचं, पत्रं लिहायची, विनवण्या करायच्या, विमा उतरवायचा, पेट्या करून आणायचं आणि दोन-अडीच महिन्यांनी जसंच्या तसं परत पोचवायचं. म्हणून अशी प्रदर्शनं रोज होत नाहीत आणि एकदा उठली की तीच चित्रं परत एका छताखाली येतील याची काही गॅरंटी नसते.

शब्दांचं म्हणाल तर लोक सर्रास सरमिसळ करतात. ढोबळमानाने रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे सुरुवातीपासून आजपर्यंत, किंवा शेवटपर्यंत. सर्व्हे जरा सैल शब्द आहे, त्यात एका चित्रकाराचा एखादा टप्पा येईल, नुसती कागदावरची कामं येतील, नाहीतर एका काळातले वीस-पंचवीस जण एकत्र. मला आपला मराठी शब्द जास्त आवडतो. सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो ते सिंहावलोकन, म्हणजे पुढे अजून चालायचंय हे त्यात आलंच. जितीश कल्लाट आपल्या मुंबईचा, १९७४ चा जन्म, त्याच्या १९९२ ते २०१७ अशा पंचवीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन दिल्लीच्या एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, सरकारी कलासंग्रहालय, मुंबईतही आहे) २०१७ ला झालं, क्युरेटर होत्या कॅथरीन डेव्हिड. तेव्हा त्याचं वय बेचाळीस! आपल्याकडे बेचाळिशीत माणसाला फार तर सोसायटीचा सेक्रेटरी करतात.

मी ठाण्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. सुधीर पटवर्धन डॉक्टर आमच्याच लाइनीतले, म्हणून त्यांचं मुंबईच्या एनजीएमएतलं प्रदर्शन बघायला मुद्दाम सुट्टी टाकून गेलो होतो. पण खालच्या दोन मजल्यांवरच सगळा वेळ गेला, वर पोचेपर्यंत गार्ड बंद व्हायची वेळ झाली म्हणून हाकायला लागला. अशा ठिकाणी सुरुवात कुठून करायची आणि किती बघायचं?
(एक वाचक, ठाणे)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. इतरांसाठी सांगते, चित्रकार पटवर्धन पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजातून, १९७२ ला डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. चित्रकलेचं कॉलेज नाही, डिप्लोमा नाही. त्यांचं ते प्रदर्शन, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’, २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीला सुरू होऊन २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत होतं, नॅन्सी अदजानिया यांनी क्युरेट केलं होतं. नशीब बघा, महिनाभर उशिरा लागलं असतं तर टाळेबंदीत सापडलं असतं. चित्रकार मेहली गोभाई यांच्या प्रदर्शनाचं तेच झालं, २०२० च्या मार्चमध्ये त्याच इमारतीत उघडलं आणि काही दिवसांत सगळी मुंबईच बंद.

आता जिन्यांचं. ती इमारत मुळात चित्रांसाठी नाहीच, १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल तो, सभा, मैफली, लग्नं सगळं तिथे झालंय. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि चेमोल्ड गॅलरीचे केकू गांधी वगैरे मंडळी मागे लागली म्हणून त्याचं १९९६ ला एनजीएमए झालं. आतमध्ये एकावर एक अर्धगोल मजले आहेत आणि सगळ्यात वर घुमट. सरळ खोल्या नाहीत, चढत जायचं, वळत जायचं, त्यामुळे आपण नकळत पहिल्या मजल्यावर शंभर टक्के लक्ष देतो आणि घुमटात पोचतो तेव्हा डोकं आणि पोटऱ्या दोन्ही संपलेल्या असतात.

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. गेल्या गेल्या एकही लेबल न वाचता सरळ वरपर्यंत जायचं, वीस मिनिटांत, अगदी लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीचं कोण दिसतंय बघत फिरतो तसं. मग वरून खाली उतरायचं. उतरताना ज्या पाच-सहा चित्रांपाशी पाय आपोआप रेंगाळले त्यांच्यापाशीच थांबायचं आणि बाकीची सोडून द्यायची, खरंच सोडून द्यायची, अपराधी वाटून घ्यायचं नाही. आणि त्या पाच-सहांत निदान एक तरी अगदी सुरुवातीचं आणि एक अगदी अलीकडचं हवं, कारण अशा प्रदर्शनात बघण्यासारखी गोष्ट एकेका चित्रात कमी आणि दोन चित्रांच्या मधल्या वर्षांत जास्त असते.

पटवर्धनांचीच तीन चित्रं डोळ्यांपुढे आणा, इंटरनेटवर सापडतील. १९८० चं ‘ट्रेन’, १९९० चं ‘पोखरण’ (ठाण्याचं पोखरण हां, अणुस्फोटाचं नव्हे, तुम्ही तर रोज तिकडून जात असाल) आणि २००१ चं ‘लोअर परळ’. पहिल्यात आपण लोकलच्या डब्यात आहोत, माणसं अंगाला अंग लागेल इतकी जवळ. शेवटच्यात आपण लांब आणि उंच कुठेतरी उभे आहोत आणि समोर गिरणगावाचं काहीतरी भलतंच होऊन बसलंय. माणसं लहान झाली, शहर मोठं झालं. असं का झालं असेल, चित्रकाराचं वय वाढलं म्हणून, शहर बदललं म्हणून, की डॉक्टर रोज माणसाच्या आतलं बघून बघून बाहेरचं बघायला लागले म्हणून? मला उत्तर एक वाटतं, तुम्हाला त्या धंद्यातलं म्हणून वेगळं वाटेल, कळवा. पण हा प्रश्न पडायलाच वीस वर्षांची चित्रं जवळजवळ टांगलेली लागतात, जहांगीरच्या एका आठवड्यात तो पडत नाही.

सुनेने हौसेने नेलं, पण आत इतका अंधार की लेबल वाचायला मोबाइलचा टॉर्च लावला तर बाई धावत आली ओरडत. आणि एसी असा की शाल आणली नाही म्हणून पस्तावले. बिल वाचवायला दिवे कमी ठेवतात का?
(आजी, विलेपार्ले)

आजी, एसीचं बघता बिल वाचवणारी माणसं वाटतात का ती? तुम्ही बहुतेक कागदावरची चित्रं बघत होतात, जलरंग, शाईची रेखाटनं, जुने फोटो वगैरे. कागदाचं आणि उजेडाचं वैर आहे. म्युझियमवाले कागदावर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड पाडतात, तैलरंगाला १५० ते २०० पर्यंत चालतो, आणि आपल्या ऑफिसांत टेबलावर ३०० ते ५०० असतो, म्हणजे बघा. खिडकीसमोर टांगलेल्या कॅलेंडरवरचा बालाजी दिवाळीपर्यंत कसा निळसर पडतो? तेच चित्राचं होतं, फक्त हळूहळू, आणि गेलेला रंग परत येत नाही. थंडी आपल्या दमट हवेपायी, जूनमध्ये कपाटातल्या चपलांना जे येतं तेच कॅनव्हासलाही येतं.

एक पाहिलेलं सांगते. एका प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ओळखीने मला आत सोडलं होतं. पेटी उघडली, दोन मुलांनी निळे हातमोजे घालून चित्र टेबलावर पालथं ठेवलं आणि एक बाई बॅटरी तिरकी धरून मागची बाजू इंच इंच तपासत वहीत लिहायला लागली, डावा कोपरा ओरखडा, खालची पट्टी बुरशीचा जुना डाग, असं. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात, चित्र येताना एकदा, जाताना एकदा, म्हणजे नंतर कुणी कुणावर ढकलायला नको. मला तर चित्रापेक्षा ती मागचीच बाजू आवडली. लाकडी चौकटीवर दोन गॅलऱ्यांची पिवळी पडलेली लेबलं, एक ट्रान्सपोर्टवाल्याचा स्टिकर, पेन्सिलीत लिहून खोडलेली किंमत (चार आकडी!) आणि कुणाच्या तरी घरचा सहा आकडी फोन नंबर. पासपोर्टच की तो. हे मागचं सगळं आरशात दिसेल असं एखादं चित्र मांडायला काय हरकत आहे, पण नाही मांडत कुणी.

शाल मात्र न्या.

चित्रकार वासुदेव गायतोंडे गिरगावातल्या चाळीत राहिले, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. आणि त्यांचं एवढं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कला! आपल्या माणसांची कदर करायला आपल्याला जमतच नाही का? रागाने लिहितोय, छापा.
(एक गिरगावकर)

छापलं काका. राग बरोबर आहे, पण निम्माच.

बरोबर कुठे, तर न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमने २०१४-१५ मध्ये गायतोंड्यांचं जे सिंहावलोकन केलं, संधिनी पोद्दार यांनी क्युरेट केलेलं, ते आधी आपल्याकडे व्हायला हवं होतं याबद्दल वाद नाही. ते २००१ मध्येच गेले, म्हणजे मान वळवून मागे बघायला सिंह उरलाच नव्हता. चित्रकार नसरीन मोहम्मदींचं तसंच. त्या १९९० ला किहीमला वारल्या, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली तेव्हा सुरुवातीलाच त्यांचं काम लावलं. त्यांच्या बाबतीत क्युरेटरची कसोटी पुन्हा वेगळीच, कारण त्यांनी बहुतेक चित्रांना नाव दिलं नाही की तारीख टाकली नाही, मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे रेघांवरूनच ताडायचं. चित्रकार नलिनी मलानींचं पॅरिसच्या पॉम्पिदू कलाकेंद्रात २०१७ ला झालं.

पण आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणू नका हो. भूपेन खख्खर, जन्माने मुंबईचेच, त्यांचं सिंहावलोकन एनजीएमएत २००३ ला झालं (तेही ते गेल्यावर काही महिन्यांनी, हा भाग वेगळा). जहांगीर सबावालांचं २००५ ला झालं, ते हयात असताना. प्रभाकर बरव्यांचं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ २०१९ ला, आणि मी तर म्हणेन की मराठी माणसाने बघायलाच हवं होतं असं प्रदर्शन ते. नागावचा माणूस, घड्याळाचे काटे, पान, पिन असल्या घरगुती वस्तू एकेकट्या मोकळ्या जागेत ठेवून देतो आणि आपण बघतच राहतो. त्या वेळी गर्दी किती होती ते मला विचारू नका, शनिवारी दुपारी एका मजल्यावर मी आणि गार्ड असे दोघंच होतो, आणि गार्ड पेपर वाचत होता. त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकरांना बोलता बोलता थांबवलं गेलं तेव्हा मात्र टीव्हीवर दोन दिवस चर्चा! ते बोलत होते स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्यांबद्दल आणि या इमारतीत कुणाला किती जागा द्यायची हे ठरवणार कोण याबद्दल, म्हणजे थेट तुमच्याच प्रश्नाबद्दल काका. भांडण सगळ्यांनी ऐकलं, चित्रं कितीजणांनी बघितली?

व्हिडिओ, इन्स्टॉलेशन (खोलीभर मांडून ठेवलेलं काम) वगैरेचं काय करायचं? अंधाऱ्या खोलीत बाक एकच, त्यावर एक कपल बसलेलं, फिल्म मधूनच सुरू, मी चार मिनिटं उभा राहून निघालो. माझं काही चुकलं का?
(बीकेसीत नोकरी, राहणार कुर्ला)

नाही चुकलं, बाक एकच ठेवणाऱ्याचं चुकलं. दाराशी मिनिटं लिहिलेली असतात, आठ-दहा असतील तर पुढचा फेरा सुरू होईपर्यंत थांबायचं, पंचेचाळीस असतील तर थोडं बघून परत यायचं, कुणी मस्टर भरत नाही. काही कामांना तर सुरुवात-शेवट असा नसतोच. मलानींच्या छायाखेळांत पारदर्शक नळकांडी उलट्या बाजूने रंगवून फिरत ठेवलेली असतात, त्यांच्या सावल्या आणि व्हिडिओ एकमेकांवरून भिंतींवर सरकत राहतात, तिथे मधूनच आत शिरलं तरी काही बिघडत नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक फार मोठा प्रश्न दडलाय, तो तुम्ही विचारला नाहीत तरी सांगतेच. जे काम आता उरलंच नाही ते सर्व्हेत दाखवायचं कसं? १९९२ मध्ये मलानींनी तेव्हा जहांगीरच्या वरच असलेल्या चेमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर ‘सिटी ऑफ डिझायर्स’ काढलं आणि पंधरा दिवसांनी त्यावर रंग मारून टाकला, ठरवूनच. त्याच वर्षी हुसेननी त्याच इमारतीत ‘श्वेतांबरी’ केलं, पांढरं कापड आणि वर्तमानपत्राचे तुकडे, बस्स. शिल्पकार अनिश कपूरने २०१० च्या अखेरीला बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत तोफ लावली होती, ती ठरावीक वेळाने लाल मेणाचा गोळा धाडकन कोपऱ्यात मारायची आणि मेणाचा ढीग वाढत जायचा. आम्ही रांग लावून ते बघितलं, एक बारकं पोर प्रत्येक वेळी तोफ उडाली की टाळ्या पिटत होतं आणि आजूबाजूचे गंभीर चेहऱ्याचे लोक त्याच्याकडे रागाने बघत होते, मला वाटतं त्या हॉलमध्ये काम कळलेला तो एकटाच. आता हे असलं सगळं उद्या कुणी सर्व्हेत मांडायचं म्हटलं तर फोटो, टिपणं, व्हिडिओचे तुकडे एवढंच हातात असतं. म्हणून काचेच्या टेबलातले कंटाळवाणे कागद दिसले की लगेच पुढे जाऊ नका, कधी कधी खरं प्रदर्शन त्या कागदांतच असतं.

मी जेजेतून पास होऊन सहा वर्षं झाली. स्पष्टच विचारतो, मिड-करिअर सर्व्हे, रेट्रो हे सगळं भाव वाढवायचे धंदे आहेत ना? पैसा गॅलरीचा, चित्रं कलेक्टरची, शिक्का म्युझियमचा.
(नाव छापू नये, दादर)

अर्धं बरोबर आहे रे बाबा, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सरकारी म्युझियमकडे पेट्या, विमा, कॅटलॉग यांचे पैसे बेताचेच असतात, मग चित्रकाराची गॅलरी पुढे येते. कलेक्टर चित्र उसनं देतो, ते म्युझियमच्या भिंतीवर लागून कॅटलॉगमध्ये छापलं जातं, आणि परत घरी जातं तेव्हा त्याची किंमत तीच राहात नाही. लेबलावर खाली बारीक अक्षरात ‘खासगी संग्रह’ किती वेळा येतं ते मोजत जा, शिक्षण होतं.

पण उलटही बघ. गायतोंड्यांचं एक चित्र मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं ते डिसेंबर २०१३ ला, म्हणजे गुगनहाइमच्या आधी. भाव आधीच पेटला होता. २०१५ मध्ये पुन्हा मुंबईतच २९ कोटींच्या वर गेला. यात प्रदर्शनाचा वाटा किती आणि बाजाराचा स्वतःचा किती हे सांगणारा माणूस मला भेटायचाय.

माझी कसोटी वेगळी आहे. प्रदर्शनात फसलेली चित्रं लावलीत का ते बघायचं. प्रत्येक चित्रकाराची अशी दोन-चार वर्षं असतात, कुणाची तरी नक्कल करतानाची, हात अडकलेला असतानाची, पैशासाठी तेच तेच काढतानाची. ती वर्षं जर भिंतीवर असतील, एखादं गचाळ, अर्धवट, पण पुढच्या सगळ्याची चाहूल देणारं चित्र असेल, तर क्युरेटरने काम केलंय समजायचं. सगळीच्या सगळी चित्रं कॅटलॉगच्या कव्हरवर शोभतील अशी असतील तर तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं, ती शोरूमच. आणि तुझी आत्ताची चित्रं जपून ठेव, विशेषतः जी तुला दाखवायची लाज वाटते ती. मागे तारीख टाक. हे मी मनापासून सांगतेय, पुढे कुणीतरी शिव्या घालत शोधत बसेल.

नऊ वर्षांच्या मुलीला नेऊ का? नग्न चित्रं असतात म्हणे.
(कांदिवली)

न्या. काही ठिकाणी आधीच पाटी लावलेली असते, नसली तर काउंटरवर विचारा. मुलं दोन सेकंद फिदीफिदी करतात आणि पुढच्या चित्रातल्या कुत्र्याकडे जातात, अवघडतो आपणच.

एकाच हॉलमध्ये चाळीस-पन्नास जणांची एक-एक, दोन-दोन चित्रं लावतात, त्यातून काय कळतं? मला तर भेळ वाटते.
(कल्याणहून एक वाचक)

भेळच असते बऱ्याचदा, पण चांगली भेळ आणि वाईट भेळ यातला फरक कल्याणकरांना मी सांगायला नको. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिची वार्षिक प्रदर्शनं किंवा राज्य कला प्रदर्शन, यांत प्रवेशिका येतात, निवड होते, बक्षिसं असतात. तिथे यंदा पोरं काय काढतायत एवढं समजतं आणि तेवढ्यासाठी जरूर जावं. दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी एक मुद्दा धरून माणसं निवडतं. १९८१ मध्ये जहांगीरला आणि मग दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ म्हणून झालं, सहाच जण, खख्खर, मलानी, पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, आणि सोबत कलासमीक्षक गीता कपूर यांचा लेख. मुद्दा एकच, की चित्रात माणूस आणि त्याची जागा परत आणायची. सहाच जण होते म्हणून मुद्दा दिसला, साठ असते तर बुडाला असता.

आणि एक आठवलं. २००८-०९ च्या सुमारास पटवर्धनांनी स्वतः क्युरेटर होऊन समकालीन भारतीय चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं होतं, ‘एक्स्पांडिंग होरायझन्स’ नावाचं, म्हणजे मुंबई-दिल्लीला न येता लोकांना अस्सल चित्रं समोर बघता यावीत. मुंबईत बसून आम्ही क्युरेटर, लक्स आणि लिलाव करत असतो, पण कल्याणपलीकडे सगळं अजून पुस्तकातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोंवरच चाललंय. असलं काही पुन्हा निघालं तर मी पेट्या उचलायला येईन, खरंच.

शेवटी एक बाळबोध शंका. कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्यांत आमच्यासारख्यांनी गेलेलं चालतं का? काचेचं दार, आत एकटी मुलगी लॅपटॉपवर, आपल्याकडे बघतही नाही. आणि बघून झाल्यावर खायचं कुठे?
(मायलेकी, लालबाग)

चालतं, फुकट असतं, बेल असेल तर बिनधास्त वाजवायची. चेमोल्ड २००७ पासून फोर्टात क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, जुन्या लाकडी जिन्याच्या इमारतीत अशी जागा असेल असं खालून वाटतसुद्धा नाही. ती लॅपटॉपवाली मुलगी शिष्ट नसते, बहुतेक वेळा कॅटलॉगच्या प्रुफात बुडालेली असते, तिला ‘याच्या आधीचं काम कसं होतं हो?’ एवढं विचारून बघा, ती उठून आतून दोन चित्रं काढून दाखवेल, माझ्या बाबतीत तरी असं तीनदा झालंय. जानेवारीतल्या गॅलरी वीकेंडला गेलात तर एका दिवसात सात-आठ होतात. सोमवारी एनजीएमए बंद आणि बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बंद, हे दोन वार लक्षात ठेवा, मी दोन्हीकडे एकेकदा बंद दारावर जाऊन आलेय. तुम्ही लालबागच्या, तुम्हाला भाऊ दाजी लाड हाकेच्या अंतरावर, राणीच्या बागेला लागून. चित्रकार अतुल दोडियाने त्या १८७२ च्या नक्षीदार म्युझियममध्ये आपलं ‘७००० म्युझियम्स’ मांडलं होतं, २०१४ ला. हा तोच दोडिया, ज्याने दुकानाच्या शटरवर चित्रं काढली, शटर खाली ओढलं की एक चित्र आणि वर सरकवलं की आत दुसरं. आईंना ते बघायला आवडेल, दुकान बंद करताना कुठलं चित्र दिसतं आणि उघडताना कुठलं, हे लालबागला वेगळं समजावून सांगायला नको.

खायचं म्हणाल तर जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ ला बंद झालं तेव्हापासून मी त्या भागात उपाशीच आहे. आता आम्ही डबा नेतो आणि एनजीएमए बघून झालं की समोरच्या म्युझियमच्या कडेने चालत ओव्हल मैदानावर जाऊन बसतो. थालीपीठ गार असतं, पण क्रिकेट बघायला मिळतं.